सी ड्राइव्ह रिकामा करण्याआधी

पौडला तहसील कचेरीच्या परिसरात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, हक्कसोडपत्रं, वारसनोंदीचे अर्ज, सातबाऱ्याच्या प्रती, हे रोजचं काम. 2025 च्या पावसाळ्यापासून मात्र लोक काखेत लॅपटॉप घेऊन येऊ लागले. "ताई, विंडोज अकरा घे म्हणतंय आणि घ्यायला गेलं की जागा नाही म्हणतंय." मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 साठी 14 ऑक्टोबर 2025 ही शेवटची तारीख जाहीर केली होती. त्या दिवशी कुणाचा लॅपटॉप बंद पडणार नव्हता, पण दर महिन्याला मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यानंतर नेहमीसारख्या येणार नव्हत्या. ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात, मुलांचे प्रवेश अर्ज भरले जातात, त्या यंत्राच्या बाबतीत ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती.

आपल्या मुळशी तालुक्यात जागेची अडचण जरा जास्तच जाणवते. हिंजवडीचं आयटी पार्क याच तालुक्यात. तिथल्या कंपन्यांनी बदललेले लॅपटॉप दुरुस्त होऊन बाजारात येतात आणि पिरंगुट, पौड, कोळवण भागातल्या घरांत पोचतात. यंत्रं चांगली असतात, फक्त आतली डिस्क बहुतेक वेळा 256 जीबीची, कधी 128 चीच. त्यातही बनवणारा हजाराच्या हिशेबाने मोजतो आणि विंडोज 1024 च्या, म्हणून 256 ची डिस्क पडद्यावर 238 दिसते. मागच्या मालकाच्या कामाला एवढी पुरत होती. पण तोच लॅपटॉप सगळ्या घराचा झाला, लग्नाचे व्हिडिओ आले, पोरांचे खेळ आले, की सी ड्राइव्हची पट्टी लाल होते. दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की ती लाल दिसते. लाल पट्टी बघितली की माणूस घाबरतो आणि समोर दिसेल ते पुसायला लागतो. खरं नुकसान तिथे होतं.

मुळशी धरणाच्या काठच्या एका गावातल्या निवृत्त गुरुजींचं असंच झालं. मुळा नदीवरच्या टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापटांना सेनापती हे नाव याच लढ्यात मिळालं. त्या धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्या घराण्यांची माहिती गुरुजी कित्येक वर्षं जमवत आहेत. कुणाच्या पणज्याची सरकारी नोटीस, कुणाकडे उरलेली मोडीतली पावती, कुणाचा जुना फोटो. लोक मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे. गुरुजी लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडून ते उतरवून घ्यायचे. उतरवलेलं सगळं जातं डाउनलोड्स या फोल्डरमध्ये. गुरुजींच्या दृष्टीने ते फोल्डर म्हणजेच संग्रह होता. त्यावरून लिहिलेला मजकूर वेगळा, डॉक्युमेंट्समध्ये, जुन्या मराठी फॉन्टात.

विंडोज 11 साठी जागा करायला त्यांनी ओळखीतल्या एका मुलाला बोलावलं. पोरगा हुशार आणि मदतीला तत्पर. त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, जागा मोकळी करायचे व्हिडिओ जे सांगतात तेच त्याने केलं. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडलं, तिथे टेम्पररी फाइल्सच्या यादीत गेला आणि सगळ्या चौकटींवर खूण केली. त्या यादीत डाउनलोड्सही असतं. विंडोज आपणहून त्यावर खूण करत नाही, पण ‘तात्पुरत्या फाइली’ या मथळ्याखाली ते दिसतं म्हणून माणूस फसतो. आणि या वाटेने गेलेली फाइल रिसायकल बिनमध्येही थांबत नाही. पुढे त्याला वनड्राइव्हचं फोल्डर दिसलं. हे तर क्लाउडवर आहेच, इथे कशाला ठेवायचं, असं म्हणून त्याने तेही डिलीट केलं. गुरुजींचं डॉक्युमेंट्स फोल्डर त्याच वनड्राइव्हमध्ये जोडलेलं होतं. शेवटी ‘कुणी वापरत नाही’ म्हणून एक जुनं मराठी सॉफ्टवेअर त्याने काढून टाकलं, त्यासोबत त्याचे फॉन्ट गेले. संध्याकाळी अपडेट सुरू केलं. बाहेर पाऊस, वीज गेली, म्हाताऱ्या बॅटरीने जीव सोडला. यंत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा विंडोजने अर्धवट काम गुंडाळून आधीचं 10 परत बसवलं होतं.

दोन दिवसांनी गुरुजी माझ्याकडे आले. "ताई, तो म्हणतो लॅपटॉप आता एकदम मोकळा झालाय. पण माझं काहीच दिसत नाही गं."

मी पहिल्यांदा लॅपटॉप बंद केला. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पुसलेल्या फाइलचा मजकूर दुसरं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत तसाच पडून असतो, आणि जाणकार माणूस तो बऱ्याचदा परत काढू शकतो. एसएसडीचं, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कचं, तसं नाही. फाइल पुसली की विंडोज ‘ट्रिम’ नावाच्या सूचनेने डिस्कला कळवतं की हा भाग आता नको, आणि डिस्क सवडीने तो खरोखर साफ करते. त्यामुळे एसएसडीवरून गेलेलं परत मिळण्याची आशा फार थोडी. तरीही काही गेल्याचं कळलं की यंत्र वापरणं ताबडतोब थांबवायचं, हे दोन्हींना लागू.

वनड्राइव्हच्या बाबतीत नशीब होतं. घरगुती खात्यात पुसलेल्या फाइली त्यांच्या वेबवरच्या रिसायकल बिनमध्ये 30 दिवस राहतात. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशचीही मुदत तेवढीच. माझ्या दुकानातल्या संगणकावरून गुरुजींचं खातं उघडलं आणि लिहिलेला मजकूर जवळजवळ सगळा परत आणला. डाउनलोड्स मात्र गेलं ते गेलंच. गुरुजींनी एकेका घरी पुन्हा फोन केले. काहींच्या मोबाइलमध्ये फोटो होते, त्यांनी परत पाठवले. काहींनी मधल्या काळात मोबाइल बदलले होते. एका घरी मूळ कागदच राहिला नव्हता, आणि त्याची प्रतिमा गुरुजींच्या त्या फोल्डरमध्ये होती. तो कागद आता कुठेच नाही. लॅपटॉपवरच्या जागेबद्दल मी इतक्या कळकळीने बोलते ते त्या कागदामुळे.

म्हणून माझ्याकडे आता कुणी आलं की मी आधी क्रम सांगते. यंत्र नवं विंडोज घेऊ शकतं का ते बघायचं, मग प्रत काढायची, मग प्रत उघडून बघायची, आणि पुसणं सगळ्यात शेवटी.

पहिली गोष्ट गाळून बरेच जण पुढे जातात. विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम आणि 64 जीबीची डिस्क लागते, सिक्युअर बूट लागतं, टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आपल्याकडे येणाऱ्या जुन्या लॅपटॉपांत सहावी-सातवी पिढी पुष्कळ. तिथे तुम्ही सगळी डिस्क रिकामी केलीत तरी मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत वाटेने 11 बसणार नाही. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं छोटं मोफत अ‍ॅप आहे, ते थोड्या वेळात उत्तर देतं. टीपीएम नाही असं आलं तर लगेच निराश होऊ नका, काही यंत्रांत ती असते पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. आणि प्रोसेसरच जुना निघाला, तर विंडोज 10 च्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवता येतं. घरगुती वापरासाठी तिची मुदत 13 ऑक्टोबर 2026 अशी जाहीर झाली आहे. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसेही पडत नाहीत. अशा यंत्रावर जागेसाठी घरचे फोटो पुसणं हा शुद्ध तोटा आहे.

आता प्रत. बाहेरची हार्ड डिस्क आणा. पेनड्राइव्ह कागद इकडून तिकडे न्यायला चांगला, वर्षानुवर्षं जपायला नाही. महत्त्वाच्या फाइली त्या डिस्कवर कॉपी करा. कट करून पेस्ट करू नका, कारण मध्येच केबल निसटली किंवा वीज गेली तर काय गेलं आणि काय राहिलं याचा पत्ता लागत नाही. कॉपी झाल्यावर दोन्ही फोल्डरांवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का ते बघा. मग डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावा आणि ठिकठिकाणच्या फाइली खरोखर उघडा. फोटो पूर्ण दिसतो का, व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का. हे कंटाळवाणं आहे, पण न उघडलेल्या प्रतीवर मी विश्वास ठेवत नाही. जे पुन्हा कधीच मिळणार नाही, म्हणजे जुने दस्त, गेलेल्या माणसांचे फोटो, त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. भावाकडे, मुलीकडे, कुठेही.

याच वेळी आणखी एक काम. बऱ्याच लॅपटॉपांत बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असतं आणि मालकाला ते ठाऊकही नसतं. अपग्रेडच्या वेळी किंवा बायोसमध्ये काही बदललं की कधीकधी निळा पडदा येतो आणि 48 आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर डिस्कवरचं काहीही उघडत नाही. ही की सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधीच बघून कागदावर छापून घ्या आणि घराच्या खरेदीखताच्या फाइलीत ठेवा. सेकंडहँड लॅपटॉप असेल तर तो खरंच तुमच्या खात्याला जोडलेला आहे की मागच्या मालकाच्या, हेही तेव्हाच कळेल.

एवढं झाल्यावर जागेकडे वळा. आणि इथे लोकांना आश्चर्य वाटतं. तुमची पत्रं, अर्ज, हिशेबाच्या शीट, दहा वर्षांच्या वर्ड फाइली, हे सगळं मिळून फारच थोडी जागा घेतं. ते पुसून काहीच साधत नाही. जागा खातात ते व्हिडिओ, मुलांचे खेळ, मोबाइलचे जुने बॅकअप, तीच फाइल पाच वेळा उतरवलेली, आणि विंडोजचा स्वतःचा पसारा. सेटिंग्जमधलं स्टोरेज उघडलं की कशाने किती जागा घेतली ते दिसतं. आणखी बारकाईने बघायचं तर ‘विझट्री’ किंवा ‘ट्रीसाइझ फ्री’ ही मोफत साधनं फोल्डरनिहाय आकार दाखवतात. आधी बघा, हात नंतर लावा.

विंडोजच्या पसाऱ्यातून निर्धास्त काढण्यासारखं म्हणजे जुन्या अपडेटचे अवशेष, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनच्या फाइली, थंबनेल आणि ब्राउझरची साठवण. टेम्पररी फाइल्सच्या यादीत यांवर खूण करा, डाउनलोड्सवर नाही. रिसायकल बिनवर खूण करण्याआधी तो एकदा उघडून बघा. माझ्या अनुभवात एवढ्यानेच आणि मोठे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवून बहुतेकांचं काम भागतं. मी साधारण 30 जीबी मोकळी झाल्याशिवाय अपग्रेड सुरू करत नाही. त्याहून कमी जागेतही ते कधीकधी जमतं, पण अडलेल्या अपग्रेडपेक्षा आणखी एक व्हिडिओ हलवलेला परवडला.

वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हने लॅपटॉपवर ठेवलेलं फोल्डर हा दोन्हीकडे उघडणारा दरवाजा आहे. इथून पुसलं की क्लाउडवरून जातं आणि मोबाइलवरूनही दिसेनासं होतं. जागाच हवी असेल तर वनड्राइव्हमधल्या फाइलवर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडा. मग फाइल क्लाउडवर राहते, लॅपटॉपवर फक्त तिचं नाव दिसतं. मात्र ती उघडायला इंटरनेट लागेल, आणि ताम्हिणीच्या बाजूच्या गावांत राहणाऱ्याला ते कधी मिळेल याची खात्री नाही. शिवाय वनड्राइव्ह फुकटात 5 जीबी देतं, गूगल 15. तेवढ्यात सगळं घर मावत नाही.

विंडोजच्या फोल्डरमधलं ‘विनएसएक्सएस’ मोठं दिसतं म्हणून हाताने पुसायला जाऊ नका. तिथल्या पुष्कळ फाइली दुसऱ्या ठिकाणी असलेल्या त्याच फाइलींचे दुवे असतात, आकार दोनदा मोजला जातो. ते फोल्डर तोडलं की यंत्रच सुरू व्हायचं नाही. हायबरनेटची फाइल काही जीबी घेते आणि ती बंद करायचा सल्ला सर्रास दिला जातो. मी आपल्या भागात तो देत नाही. वीज गेली आणि बॅटरी संपत आली तर उघडं काम जपायला हायबरनेटच कामी येतं. आणि एका बटनात सगळं साफ करून देतो म्हणणारी क्लीनर सॉफ्टवेअर मी कुणाच्याही यंत्रात घालत नाही.

हे सगळं फक्त नवख्या माणसाच्या बाबतीत घडतं असंही नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 चं एक मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्समधल्या फाइलीच गायब झाल्या. ज्यांनी सी ड्राइव्हवर जागा नको म्हणून हे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते पण काही फाइली जुन्या जागीच राहिल्या होत्या, त्यांची जुनी जागा अपडेटने ‘रिकामी’ समजून काढून टाकली. 2 तारखेला आलेलं अपडेट मायक्रोसॉफ्टने 6 ला थांबवलं, दुरुस्त करून 13 नोव्हेंबरला पुन्हा दिलं. मॅकवाल्यांनाही झळ लागली आहे. मॅकओएस बिग सरचा इन्स्टॉलर पुरेशी जागा आहे की नाही हे नीट न बघताच काम सुरू करायचा आणि मॅक अर्ध्यावर अडकायचा. अ‍ॅपलच्याच सांगण्यानुसार त्याला 35.5 जीबी जागा लागत होती. फेब्रुवारी 2021 मध्ये ती चूक दुरुस्त झाली. इतक्या मोठ्या कंपन्यांच्या हातून हे घडलं, त्यामुळे प्रत काढल्याशिवाय मी कुठल्याच अपग्रेडला हात लावत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण व्हिडिओंत हे कुणी सांगत नाही. श्रीलिपी, आयएसएम या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरांच्या जुन्या फॉन्टांत लिहिलेली फाइल ही तिच्या फॉन्टाशिवाय वाचता येत नाही. फॉन्ट गेला की ‘प्रतिज्ञापत्र’च्या जागी निरर्थक अक्षरं उमटतात. गुरुजींचा परत मिळालेला मजकूर पहिल्यांदा उघडला तेव्हा असाच दिसला, आणि ते खुर्चीत मागे टेकून बसले. माझ्या दुकानात ते फॉन्ट होते म्हणून निभावलं. तेव्हा जागा करताना मराठी सॉफ्टवेअर आणि फॉन्ट शेवटपर्यंत हलवू नका. काढायचेच असतील तर त्याआधी जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मूळ फाइलीची पीडीएफही काढून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा बसलेला असतो, त्यामुळे ती कुठेही वाचता येते. युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, ओळ अन् ओळ वाचून तपासावी लागते. दस्तातलं आडनाव बदललं तर पुढे वारसांना कोर्टाची पायरी चढावी लागू शकते. सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर चालत असेल तर ते नव्या विंडोजवर चालतं का, हे कंपनीला आधी विचारा.

मग प्रत्यक्ष अपग्रेड. 11 ची फाइल अनेक जीबींची असते. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत ती उतरत नाही. ज्याच्याकडे वायफाय आहे त्याच्याकडून आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर आणायची तर एक अडचण येते. बरेच पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीचे असतात आणि त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, पेनड्राइव्ह रिकामा असला तरी फाइल फार मोठी आहे असा संदेश येतो. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा लागतो, आणि फॉरमॅट मारला की त्यातलं सगळं जातं. त्यामुळे तिथेही आधी आत बघा.

लॅपटॉप चार्जरला लावा आणि बॅटरी पूर्ण भरलेली हवी. बॅटरी वीस मिनिटंही टिकत नसेल तर इन्व्हर्टर असलेल्या ठिकाणी जा. मुळशीच्या पावसात संध्याकाळी अपग्रेड सुरू करू नका, सकाळी उघडीप बघून लावा. आयएसओ लॅपटॉपवर कॉपी झाली की बाहेरची हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा. गुरुजींचं दुसऱ्या वेळी आम्ही माझ्या दुकानात, इन्व्हर्टरवर केलं. दुपारच्या जेवणापर्यंत झालं.

नवं विंडोज बसल्यावर जुनं ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात राहतं. ते बरीच जागा धरून बसतं, म्हणून लोक पहिल्याच दिवशी पुसतात. पुसू नका. 10 दिवसांच्या आत मागे जायची सोय त्याच्याच जिवावर असते. त्या 10 दिवसांत प्रिंटर चालतो का, स्कॅनर चालतो का, मराठी टाइप होतं का, सही करायचं डिजिटल टोकन ओळखलं जातं का, जुन्या फाइली उघडतात का, सगळं वापरून बघा. काही अडलं तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून परत 10 वर जाता येतं. सगळं ठीक असेल तर मुदत संपल्यावर विंडोज ते फोल्डर स्वतःच काढतं, आणि राहिलंच तर टेम्पररी फाइल्सच्या त्याच यादीत ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ अशी ओळ दिसेल, तिच्यावर खूण करून काढा.